ह्यूस्टनचा हिवाळा, खाडीतलं कमरेएवढं पाणी आणि वेडर-बूट: पाच महिने वापरून झाल्यावर

टेक्सासमध्ये कसली आलीय थंडी, असं मला पण वाटायचं. ह्यूस्टनला येऊन सात वर्षं झाली, त्यातली सहा वर्षं मी जवळच्या गॅल्व्हेस्टनच्या वेस्ट बे नावाच्या खाडीत मासे पकडायला फक्त उन्हाळ्यात उतरलो, हाफ पँट, जुने बूट, खांद्याला रॉड, विषय संपला. पण इथले मुरलेले लोक सारखं सांगायचे की मोठा स्पेकल्ड ट्राउट बघायचाय ना, मग थंडीत ये. (नावात ट्राउट आहे म्हणून नदीतला समजू नका, हा आपल्या घोळ आणि ढोम्याच्या खानदानातला.) म्हणून या वेळी नोव्हेंबर ते मार्च जवळजवळ दर शनिवारी गेलो, मधले काही रविवार पण. बायकोला सांगितलं वेडर (पाण्यात उभं राहायला घालायची वॉटरप्रूफ पँट) घेतोय, ती म्हणाली नाव बरोबर आहे. मग वेडिंग बूट घेतो म्हटल्यावर विचारते, कोणाचं लग्न?

असो. चुका बऱ्याच केल्या, पैसे पण नको तिथे घातले, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी थंडी किती ते सांगतो. जानेवारीत पाणी ५२-५५ फॅरनहाइटला येतं, म्हणजे ११ ते १३ सेल्सिअस. पुण्यात राहिलेला माणूस म्हणेल एवढ्यात तर आम्ही सकाळी फिरायला जातो. अहो पण ती हवा. पाणी अंगातली उष्णता हवेच्या साधारण २५ पट वेगाने ओढून घेतं, आणि फिशिंगमध्ये तुम्ही चालत नसता, एका जागी उभे असता, पाच पावलं पुढे, वीस कास्ट (गळ फेकणं), परत पाच पावलं. त्यात नॉर्दर आला, म्हणजे उत्तरेचा थंड वारा सुटला, की तो खाडीतलं पाणीच बाहेर समुद्राकडे ढकलतो, पातळी खाली जाते, एरवी पाण्याखाली असलेले कालवांचे थर उघडे पडतात, आणि तुम्ही मांडीएवढ्या पाण्यात, वरचं अर्धं अंग वाऱ्यात. म्हणजे खाली ओली थंडी आणि वर कोरडी, दोन्हीचा बंदोबस्त वेगळा करावा लागतो हे मला चौथ्या-पाचव्या वेळी कळलं.

पहिला वेडर १३० डॉलरचा घेतला. ब्रीदेबल (घामाची वाफ बाहेर सोडणाऱ्या पातळ कापडाचा), छातीपर्यंतचा, रिव्ह्यू चांगले. आठ वेळा मस्त चालला, नवव्या वेळी जांघेतल्या शिवणीतून पाणी. आधी वाटलं घाम असेल, मग वाटलं काहीतरी वेगळंच झालं की काय, घरी आल्यावर बघितलं तर आतली पट्टी शिवणीवरून सुटलेली. कंपनीला लिहिलं, त्यांनी फोटो मागवले, मग बिल, मग परत तेच फोटो, मग सांगितलं स्वतःच्या खर्चाने पाठवा आणि सहा आठवडे थांबा. सहा आठवड्यांत हिवाळा संपतो की! नाव घेत नाही, पण एक शिकलो, घेताना जांघ आणि गुडघ्याच्या मागची शिवण आधी बघायची, खिसे किती आहेत ते नंतर. दुकानात घालून उकिडवं बसून बघा, कापड तिथे ताणलं जात असेल तर ती शिवण जाणारच, मग ब्रँड कुठलाही असो. आपल्यासारखी थोडी पोटं सुटलेल्यांनी तर नक्की बसून बघा.

दुसरा ३०० ला घेतला, तो अजून आहे. मध्ये एका मित्राचा निओप्रीनचा (जाड, फोमसारख्या रबराचा) पण दोन वेळा वापरला, ५ मिलिमीटरवाला. उबेच्या बाबतीत निओप्रीनला तोड नाही, बोटीतून जागेवर उतरून तिथेच उभं राहणार असाल तर तोच घ्या, शिवाय स्वस्त. पण मी गॅल्व्हेस्टन आयलंड स्टेट पार्कच्या खाडीकडच्या बाजूने चालत आत जातो, पाऊण-पाऊण तास चिखल तुडवत. निओप्रीनमध्ये ते चालणं म्हणजे प्रेशर कुकर, पोचेपर्यंत आतून घामाने भिजलेले, आणि मग उभं राहिलं की तोच घाम गार पडतो. ब्रीदेबलचं उलटं, त्याला स्वतःची ऊब शून्य. तो नुसता रेनकोट आहे पायजम्याच्या आकाराचा. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर महाग वेडर घेऊन पण थंडी का वाजते म्हणून डोकं खाजवत बसलो नसतो. ऊब आतल्या कपड्यांची, वेडर फक्त ती कोरडी ठेवतो.

आता पाय. खरं तर सगळा रिव्ह्यू पायावरच लिहायला हवा होता, कारण मी जितक्या वेळा लवकर घरी परत आलो तितक्या वेळा पायाच्या बोटांमुळे आलो. माझा वेडर स्टॉकिंगफूट, म्हणजे खाली निओप्रीनचा मोजा चिकटवलेला असतो आणि त्यावर वेगळे बूट घालायचे. बूट मी नेहमीच्या नऊ नंबरचेच घेतले. घरी कार्पेटवर छान बसले. मग थंडी वाढली तसा एक जाड लोकरी मोजा चढवला, मग आणखी एक, आणि गंमत म्हणजे जितके मोजे वाढवले तितके पाय जास्त गार! दुसऱ्या तासाला बोटं आहेत की गेली कळायचं नाही. कारण साधं आहे, बूट आवळला की रक्त पोचत नाही, आणि मोजा दाबला की त्यातली हवा जाते, ऊब त्या हवेचीच असते. डिसेंबरच्या शेवटी दहा नंबरचे घेतले, आत एक पातळ मोजा आणि एक जाड मेरिनो लोकरीचा, झालं काम. बुटात बोटं हलवता आली पाहिजेत, पियानो वाजवल्यासारखी, एवढी एकच टेस्ट. जुने नऊचे बूट ऑनलाइन विकायला टाकलेत, तीन महिन्यांत एकाने विचारलं, ते पण २० ला देता का म्हणून.

मग बूटफूट का नाही घेतला असं विचाराल. बूटफूटमध्ये गमबूट वेडरलाच जोडलेला असतो, लेस नाही, काही नाही, आत पाय मोकळा म्हणून गरम राहतो, आणि बधिर हातांनी लेस सोडायची कसरत वाचते (जानेवारीत एकदा पार्किंगमध्ये लेसची गाठ सुटेना म्हणून मी बूट-वेडरसकट गाडी चालवत पेट्रोल पंपापर्यंत गेलोय, तिथल्या माणसाने बघून न बघितल्यासारखं केलं). कडक वाळूचा तळ असेल तर बूटफूट एक नंबर. पण वेस्ट बेमध्ये काही ठिकाणी चिखल पोटरीपर्यंत, तिथे बूट चिखलात रुततो आणि आतला पाय वर निघतो, चालताच येत नाही. लेसचा बूट घट्ट राहतो. घेताना एवढंच बघा की लेस ओवायच्या जागी धातूच्या रिंगा नकोत, खाऱ्या पाण्यात गंज धरतात, माझ्या पहिल्या बुटाला दीड महिन्यात हिरवट पावडर धरली होती.

पायाचंच आणखी एक. माझं आजोळ रेवदंड्याचं, मामा कुंडलिकेच्या खाडीत पाग (फेकायचं जाळं) घेऊन उतरायचा, अनवाणी. मला सांगायचा, पाय उचलून टाकू नको, घसटत चल, खाली पाकट बसलेलं असतं. इथे टेक्सासमध्ये पहिल्या दिवशी एका आजोबांनी मला तेच शिकवलं आणि त्याला स्टिंगरे शफल म्हणतात असं कौतुकाने सांगितलं, मी मनात म्हटलं आमच्याकडे याला नाव पण नाही, एवढं रोजचं आहे. पाकटाच्या काट्यापासून वाचायला बुटावर घालायची कडक गार्ड मिळतात. थंडीत पाकटं कमी असतात म्हणून जानेवारीत मी ती घालत नव्हतो, वजन वाटतं, पण मार्चमध्ये पाणी तापायला लागलं की काढतो बाहेर.

आतले कपडे. कॉटन नको. अजिबात नको. जीन्सवर वेडर चढवून आलेले लोक मी दर वेळी बघतो आणि दर वेळी ते माझ्याआधी परत जातात. मी अंगालगत पातळ मेरिनो, त्यावर फ्लीसची पँट, वर फ्लीस आणि मग कमरेपर्यंतचंच आखूड जॅकेट, लांब जॅकेटचा घेर पाण्यात भिजून लोंबतो. चालत जाताना एक थर काढून बॅगेत, पोचल्यावर घालायचा, निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. आणि सगळ्यात उपयोगी वस्तू कुठली म्हणाल तर आईने पाठवलेली माकडटोपी, लक्ष्मी रोडची. आधी लाज वाटायची. आता शेजारी उभा असलेला टेक्सन पण विचारतो कुठून घेतली.

हातांचं मात्र मला अजून नीट जमलेलं नाही. निओप्रीनचे हातमोजे घेतले, त्यात लाइन जाणवत नाही, आणि थंडीतला ट्राउट लूर (गळाचं खोटं आमिष) जोरात धरत नाही, नुसतं कोणीतरी ओलं फडकं अडकवल्यासारखं वाटतं, ते जाणवलं नाही तर मासा गेला. म्हणून बोटं उघडी असलेले लोकरी हातमोजे. ते भिजतात, पिळून परत घालतो. पण मासा धरायचा तर ते पण काढावे लागतात, कारण सोडायच्या माशाला ओल्या उघड्या हातानेच धरायचं, नाहीतर अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो. आणि सोडायचे तर बरेच असतात. फेब्रुवारी २०२१ च्या त्या भयंकर गारठ्यात टेक्सासच्या किनाऱ्यावर किमान ३८ लाख मासे मेले असा इथल्या पार्क्स आणि वन्यजीव खात्याचा अंदाज होता, आणि २०२४ पासून ट्राउटचा नियम दिवसाला ३, ते पण (खास टॅगवरचा एखादा मोठा सोडला तर) १५ ते २० इंचांतलेच, असा झालाय. तर दर माशाला हातमोजे काढा, हात पाण्यात घाला, परत घाला. त्यावर मी केमिकलच्या गरम पुड्या आणल्या, छातीच्या खिशात ठेवायला छान आहेत. बुटात घालायच्या पण आणल्या होत्या, त्या मात्र पैसे पाण्यात, अक्षरशः. त्यांना तापायला हवा लागते आणि वेडरच्या मोज्यात हवाच नाही, पंधरा मिनिटांत खडा होऊन तळव्याला टोचत बसतात.

बेल्ट. कमरेचा बेल्ट मला सुरुवातीला शोभेचा वाटायचा. जानेवारीच्या तिसऱ्या शनिवारी कालवांच्या कडेने चालत होतो, पुढे पाण्याचा रंग जरा गडद होता, मला वाटलं गवत असेल, आणि पाऊल टाकलं तर तळच नाही, थेट काखेपर्यंत आत. इथे त्याला गट म्हणतात, खाडीतली खोल नाळ. वरून वेडरमध्ये पाणी शिरलं पण बेल्ट घट्ट होता म्हणून बरंचसं छातीवरच अडलं. लोक म्हणतात वेडर भरला की तो तुम्हाला बुडवतो, तसं नसतं, आतलं पाणी बाहेरच्या पाण्याएवढंच जड, ते खाली ओढत नाही. त्रास होतो तो वर चढताना, पाय उचलत नाहीत, आणि तोवर गारठ्याने श्वास अडकलेला असतो. मी पाठीवर रेलून मागे सरकत सरकत कडेला आलो. रॉड हातात होता, सोडला नव्हता, का ते माहीत नाही. तेव्हापासून बेल्ट आवळलेला, हाताने फुगवायचं पातळ लाइफ जॅकेट अंगावर (आपोआप फुगणारं नको, नुसतं छातीएवढ्या पाण्यात उभं असताना पण ते मधेच फुगेल), गाडीत कोरड्या कपड्यांचा पूर्ण सेट आणि टॉवेल. आणि एकटं जाणं बंद. ही शेवटची अट घरून आलीय.

देखभाल कंटाळवाणी आहे पण करावी लागते. घरी आल्यावर वेडर गोड्या पाण्याने बाहेरून धुवायचा, आतून पण वाळवायचा, पायांकडून उलटा टांगायचा. एकदा गाडीच्या डिकीत दोन दिवस विसरलो, ह्यूस्टनची दमट हवा, सुकटीचा बाजार भरल्यासारखा वास. बाहेरचं कापड पाणी झटकायचं बंद झालं की वेडर आतून चिकट-थंड लागतो आणि माणसाला वाटतं गळतोय, माझं पण तसंच झालं होतं, नुसता पाणी झटकणारा स्प्रे मारून बरा झाला. खरंच गळत असेल तर वेडर उलटा करून आतून रबिंग अल्कोहोल फवारायचं, जिथे भोक असेल तिथे गडद ठिपका उमटतो. त्यावर अ‍ॅक्वासीलचा (भोक बुजवायच्या रबरी गोंदाचा) थेंब, रात्रभर ठेवायचं. कालवांवर गुडघा टेकून फोटो काढायची हौस मला आहे, त्यामुळे माझ्या वेडरवर असे चार थेंब आहेत.

पुढे चेन असलेला वेडर घ्यावा का, तर परवडत असेल तर घ्या, थर्मासमधला चहा निवांत पिता येतो एवढंच सांगतो, बाकी समजून घ्या. मी नाही घेतला, मी चहा कमी केला.

मासे किती मिळाले म्हणाल तर थंडीतला सगळ्यात मोठा ट्राउट २६ इंचाचा, फेब्रुवारीत, नॉर्दर जाऊन तिसऱ्या दिवशी, दुपारी तीनला, उन्हाने चिखल जरा तापल्यावर. उगाच पहाटे चारला उठून जाण्याची हिवाळ्यात गरज नाही हे त्यातून कळलं. सोडून दिला. फोटोत मी गुडघ्यावर बसलोय, कालवांवरच, आणि त्याच दिवसापासून डावा गुडघा आतून ओला होतोय. चार ठिपके बुजवले, पाचवा अजून सापडत नाहीये, शनिवारी परत अल्कोहोल मारून बघतो.