पिंप्राळा शिवारातील रो-हाउस: दोन आखाजींनंतरचा अभिप्राय

जळगावात घर घेणाऱ्याने ते आखाजीच्या दिवसांत कसे साथ देईल, हे आधी पाहावे. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया; तेव्हा आमच्याकडे बहिणी माहेरी येतात आणि पाच माणसांच्या घरात तेरा माणसे होतात. उन्हाचा कडाका तेव्हाच भरात असतो, आणि गच्चीवर वाळवण, मागच्या मोकळ्या जागेत खापरावरचे मांडे व बैठकीत दिवसभर घरघरणारा कूलर हे सारे एकाच वेळी चालू असते. पिंप्राळा शिवारातील एका प्रकल्पात आम्ही घेतलेल्या रो-हाउसने अशा दोन आखाजी पार पाडल्या आहेत, म्हणून त्याच्याविषयी आता खात्रीने लिहिता येते.

आमच्यापुढे तीन पर्याय होते. एक फ्लॅट पाहिला. तो देखणा होता, लिफ्ट होती, पण गच्चीला सोसायटीचे कुलूप होते. आईने तेथेच विषय संपवला, कारण ज्वारीचे बिबडे आणि कुरडया घालायला तिला दर उन्हाळ्यात चार-पाच दिवस हक्काची गच्ची लागते. निमखेडी भागात एनए (बिनशेती) प्लॉट घेऊन सावकाश बांधण्याचा विचारही झाला. मात्र घरभाडे आणि कर्जाचा हप्ता दोन्ही भरत बांधकामावर उभे राहणे आम्हा दोघा शिक्षकांना जमणारे नव्हते. शेवटी 42 लाखांत हे घर घेतले. खाली सुमारे 960 चौरस फूट जागा आपल्या नावावर आहे, ही गोष्ट येथे फार मोलाची आहे. आमच्याकडे घर विकायला काढले की समोरचा माणूस खोल्या किती हे नंतर विचारतो, जागा किती हे आधी.

या घराची खरी गुणवत्ता त्याच्या नकाशात आहे आणि ती माहितीपत्रकात कोठेही लिहिलेली नव्हती. प्रकल्पात समोरासमोर दोन ओळी आहेत, दोन्हींचा भाव सारखा. आमच्या ओळीचे तोंड पूर्वेला असून पश्चिमेच्या भिंतीला जिना आणि न्हाणीघर आले आहे, त्यामुळे दुपारचे ऊन तेच अंगावर घेतात आणि निजण्याच्या खोल्या वाचतात. समोरच्या ओळीत तोच नकाशा उलटा ठेवल्याने शयनगृहे पश्चिमेला गेली आहेत. मे महिन्यात रात्री दहा वाजता समोरच्यांच्या खोलीतील भिंतीला मी तळहात लावून पाहिला; नुकत्याच उतरवलेल्या तव्यासारखी ऊब होती. यावल तालुक्यातील आमचे गावचे धाब्याचे घर दीड हात जाडीच्या मातीच्या भिंतींमुळे दुपारीही निववत असे. सहा इंची विटेच्या भिंतीकडून ती अपेक्षा करता येत नाही, म्हणून पश्चिमेची भिंत नऊ इंची करून घेण्यासाठी आम्ही वेगळे पैसे मोजले आणि गच्चीवर पांढरे चायना मोझॅक (फरशीच्या तुकड्यांचा थर) बसवून घेतले. हा खर्च मला एकदाही जड वाटला नाही.

कूलरची सोयही बारकाईने पाहावी. आपल्या कोरड्या हवेत कूलर उत्तम चालतो, पण त्याला बाहेरची ताजी हवा आणि समोरून हवा निघून जाण्याची वाट दोन्ही लागतात. बैठकीच्या खिडकीबाहेर स्टँडपुरती जागा आणि स्वयंपाकघराची खिडकी तिच्या थेट रेषेत, ही या घरातील मांडणी विचारपूर्वक केलेली आहे. पोर्चच्या स्लॅबमध्ये झोक्यासाठी कडी सोडण्याची विनंतीही बिल्डरने सळ्या बांधतानाच मान्य केली. भाच्यांचा झोका आता तेथेच असतो.

पाण्याच्या बाबतीत मात्र हे घर कमी पडले आणि त्याचा मला अजूनही राग आहे. शहराला वाघूर धरणाचे पाणी मिळते, पण नळ रोज येत नाही, हे येथे बांधकाम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. शहरी माणसामागे दिवसाला 135 लिटर हे प्रमाण धरले, तर पाच माणसांना 675 लिटर आणि नळाविना तीन दिवस काढायचे तर 2,025 लिटर लागतात. जमिनीखालची टाकी दिली आहे 2,000 लिटरची. त्यातून आमचा मोठा कूलर दिवसाला पन्नासेक लिटर पितो. पहिल्या आखाजीला दुसऱ्याच दिवशी सकाळी टाकीचा तळ दिसला आणि पाहुण्यांसमोर टँकर बोलवावा लागला.

दुसरी तक्रार मातीची. येथील काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. घराचा पाया खोल नेला आहे, त्यामुळे आत एकही तडा नाही. पण कंपाउंडची भिंत उथळ पायावर उभी केल्याने पहिल्याच पावसाळ्यानंतर कोपऱ्यात बोट जाईल एवढी फट पडली. "सर, काळी माती आहे, थोडं बसणारच," असे साइटवरच्या इंजिनिअरने सांगितले. रेरा (स्थावर संपदा नियमन) कायद्याच्या कलम 14 नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत कळवलेला बांधकामाचा दोष बिल्डरने 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो, हे लेखी अर्जात नमूद केल्यावर महिनाभरात काम झाले.

व्यवहारातही असाच एक प्रसंग आला. साठेखत (विक्रीचा करार) नोंदवण्याआधीच 20 टक्के रक्कम मागण्यात आली होती. नोंदणीकृत करार झाल्याशिवाय किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, हे रेराचे कलम 13 दाखवल्यावर आठवड्यात नोंदणी झाली. खरेदी एकट्या पत्नीच्या नावावर केल्याने मुद्रांक शुल्कात 1 टक्का वाचला. ही सवलत पती-पत्नीच्या संयुक्त नावाला मिळत नाही, हे आधीच ध्यानात घ्यावे. वकिलांनी 30 वर्षांचा मालकीहक्काचा सर्च रिपोर्ट आणि एनए आदेश तपासून दिला, त्यात काही उणे निघाले नाही.

ज्यांना जिने चढणे अवघड आहे, अशा वृद्ध दांपत्याला हे घर मी सुचवणार नाही. खालच्या मजल्यावर निजण्याची खोली नाही आणि आईची खाट आम्हाला बैठकीतच टाकावी लागते. शाळकरी मुले, गावाकडून येणारे-जाणारे आणि धान्याची वर्षाची बेगमी असलेल्या कुटुंबाला ते नक्की मानवेल. समोरच्या ओळीतील चार घरे अजून पायाच्या पातळीवर आहेत. त्यांचा सौदा करणाऱ्यांनी 5,000 लिटरची टाकी आणि पश्चिमेची नऊ इंची भिंत करारनाम्यातच लिहून घ्यावी, कारण टाकीवर पार्किंगची फरशी बसली की ती वाढवायला अंगण फोडावे लागते, आणि आमच्याकडे या दिवाळीनंतर तेच काम निघणार आहे.