आर्क्टिकमधलं एप्रिलचं स्कीइंग: रिक्सग्रेन्सेन, आबिस्को की ल्यूंगेन?

फेब्रुवारी संपत आला की युरोपातल्या मराठी मित्रमैत्रिणींचे फोन सुरू होतात. ईस्टरला किंवा त्यानंतर पार उत्तरेला स्कीइंगला जायचंय, तर स्वीडन घ्यावं की नॉर्वे? माझं म्हणणं असं की आधी देश ठरवूच नका. ६८ अंश अक्षांशाच्या वर एप्रिलमध्ये आठवडाभर गेलात, तर त्यातला एखाददुसरा दिवस वारा आणि ढग घेऊन जाणार, हे गृहीतच धरा. आधी एवढंच पाहा की त्या बिघडलेल्या दिवशी तुमच्या हातात काय उरतं. माझ्या लेखी जागा निवडण्याचा पहिला निकष हाच आहे. डोंगर किती उंच आणि फोटो किती सुंदर, हे नंतर.

तिथले लोक या दिवसांना वसंत म्हणत नाहीत. स्वीडिशमध्ये शब्द आहे ‘वोरविंटर’, म्हणजे वसंतातला हिवाळा. इथले मूळ रहिवासी सामी लोक वर्षाचे आठ ऋतू मानतात आणि त्यात या काळाला स्वतःचं वेगळं नाव आहे. जमिनीवर भर हिवाळ्याइतका बर्फ असतो आणि वर उन्हाळ्याकडे निघालेला सूर्य. एप्रिलच्या मध्यावर दिवस साधारण साडेपंधरा तासांचा होतो, शेवटच्या आठवड्यात सूर्य रात्री नऊनंतर मावळतो. मेअखेरीपासून तो मावळतच नाही. स्वीडिश कुटुंबं बर्फात खड्डा खणतात, त्यात रेनडिअरचं कातडं अंथरतात आणि वाऱ्याच्या आडोशाला ऊन खात बसतात. मी पहिल्यांदा तशी बसले तेव्हा चेहरा चांगलाच भाजला. चांगलं सनस्क्रीन आणि गडद गॉगल यांवर पैसे वाचवू नका.

या बर्फाचं वेळापत्रक ठरलेलं असतं. रात्री गोठून सकाळी तो काचेसारखा कडक होतो. ऊन लागलं की वरचा थर जाड रव्यासारखा मोकळा होतो आणि पुढचा तास-दीड तास स्की अक्षरशः लोण्यावरून जाते. त्यानंतर त्याचा चिखल होतो. म्हणून सकाळी पूर्वेकडचे उतार, दुपारी दक्षिणेकडचे आणि संध्याकाळी पश्चिमेकडचे, असं सूर्याच्या मागोमाग फिरायचं. एक मात्र आधी ठरवा: ऑरोरा, म्हणजे रात्रीच्या आकाशातला उत्तरेचा रंगीत प्रकाश, बघायचाच असेल, तर मार्च किंवा फार तर एप्रिलचा पहिला आठवडा. त्यानंतर रात्र पुरेशी काळोखी होत नाही. ऑरोरा आणि लोण्यासारखा बर्फ एकाच सहलीत मिळेल असं कुणी सांगितलं, तर विश्वास ठेवू नका.

आता स्वीडनमधलं स्कीचं गाव रिक्सग्रेन्सेन. नावाचा अर्थच ‘देशाची सीमा’; नॉर्वेच्या हद्दीला अगदी खेटून वसलेलं. ऐन हिवाळ्यात, जेव्हा आल्प्स गजबजलेले असतात, तेव्हा इथला काळोख सरत नाही. लिफ्ट फेब्रुवारीत सुरू होतात आणि मे महिन्यापर्यंत चालतात. मेअखेरीस मध्यरात्रीच्या उन्हात स्कीइंग करता येतं. डोंगर जेमतेम ९०० मीटरचा. आकड्यांवर गेलात तर निराश व्हाल, प्रत्यक्ष उतारावर मात्र नाही, कारण सगळा भाग झाडांच्या रेषेच्या वर आहे आणि नैसर्गिक घळी, उंचवटे, कडे यांनी भरलेला आहे. अवघड उतारांवरची स्कँडिनेव्हियन स्पर्धा १९९२ पासून इथे होते, ती यामुळेच. मात्र झाडं नाहीत म्हणजे ढग उतरला की नजरेला आधार उरत नाही. आकाश पांढरं, जमीन पांढरी, पुढचा उतार वर जातोय की खाली तेच कळत नाही. नवशिक्यांना मी इथे पाठवत नाही. लहान मुलं किंवा पहिल्यांदाच स्कीवर उभे राहणारे असतील, तर थोडं अलीकडचं ब्योर्कलिडेन बरं: उतार सौम्य, गर्दी कमी. तिथून वर १,२२८ मीटरवर लोक्ताच्योको नावाची स्वीडनमधली सर्वांत उंचावरची पर्वतकुटी आहे. तिथल्या वॉफलसाठी माणसं बर्फातून चढून जातात, मीही दोनदा गेले आहे.

मला या भागाची खरी ओढ आहे ती रेल्वेमुळे. किरुनाच्या खाणीतलं लोखंड नार्विकच्या न गोठणाऱ्या बंदरापर्यंत न्यायला बांधलेली ही लाइन १९०३ मध्ये औपचारिकपणे खुली झाली. खनिजाच्या अजस्र गाड्या आजही तिच्यावरून धावतात. किरुना, आबिस्को, ब्योर्कलिडेन, रिक्सग्रेन्सेन, नार्विक ही सगळी स्टेशनं एकाच रुळावर आहेत. अटलांटिकवरून येणारे ढग सीमेवरच्या डोंगरांवर रिते होतात, म्हणून रिक्सग्रेन्सेनला प्रचंड बर्फ पडतो. पलीकडचं आबिस्को पर्जन्यछायेत येतं. वर्षाला जेमतेम ३०० मिलिमीटर पाऊस-बर्फ, स्वीडनमधल्या सर्वांत कोरड्या ठिकाणांपैकी एक. महाबळेश्वर आणि वाई ज्यांनी एकाच दिवशी पाहिलंय, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. एका एप्रिलमध्ये वाऱ्यानं वर उभं राहणं अशक्य झालं तेव्हा आम्ही सकाळची गाडी पकडून आबिस्कोला गेलो. तिथे गोठलेल्या तोर्नेत्रेस्क सरोवरावर लख्ख ऊन होतं. दिवसभर आम्ही सपाटीवर स्की करत फिरलो, समोर लापोर्तेनची ती अर्धगोल खिंड. बिघडलेला दिवस असा हाती लागणं मला इतरत्र क्वचितच अनुभवायला मिळालं.

अर्थात ही लाइन एकेरी आहे. डिसेंबर २०२३ मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी २०२४ मध्ये मालगाड्या घसरल्या आणि ती दीर्घकाळ बंद राहिली. शेजारचा ई-१० महामार्गही वादळात बंद होतो किंवा बर्फ काढणाऱ्या गाडीमागून ताफ्यानंच सोडतात. स्टॉकहोमहून रात्रीची गाडी घेतलीत तर प्रवास सुमारे १८ तासांचा आहे आणि मला तो सहलीचाच भाग वाटतो. विमानानं किरुनाला आलात तर दीड तास, पुढे रस्त्यानं १३० किलोमीटर. परतीचं आंतरराष्ट्रीय विमान मात्र त्याच दिवशी ठेवू नका, मध्ये एक रात्र सोडा.

आबिस्कोचा दुसरा पर्याय लिफ्टशिवायचा आहे: कुंग्सलेडेन, म्हणजे राजमार्ग. पूर्ण वाट ४०० किलोमीटरहून लांब, पण आबिस्को ते निक्कालुओक्ता हा साधारण १०५ किलोमीटरचा टप्पा आठवड्याभरात होतो. लाल फुल्यांच्या खांबांनी वाट आखलेली, दर १२ ते २० किलोमीटरवर कुटी. कुट्यांत वीज नाही. लाकडं फोडायची, बर्फात पाडलेल्या भोकातून पाणी आणायचं, आपलं जेवण आपण रांधायचं. शाकाहारी मराठी माणसाची सर्वांत उत्तम सोय कुठे होत असेल तर ती इथेच! आम्ही आलेसयौरेच्या कुटीत गॅसवर मऊ भात शिजवून मेतकूट-तुपाबरोबर खाल्ला, सोबतच्या दोन स्वीडिश आजींनी आवडीनं वाटी पुढे केली. सर्वांत उंच जागा म्हणजे च्येक्त्या खिंड, ११०० मीटरच्या वर. तिथे वादळ आलं तर कुटीत थांबायचं, बाकी काही करायचं नाही. म्हणून या वाटेसाठी नेमके दिवस घेऊन येऊ नका, एक-दोन दिवस शिल्लक ठेवा. इथे उताराचं कौशल्य बेताचं चालतं. दिवसाला १५-२० किलोमीटर जायचा दम आणि पाठीवर ओझं घ्यायची सवय हवी. सह्याद्रीत रेंज ट्रेक करणाऱ्यांना मी डोळे मिटून हेच सुचवते. कुट्या साधारण एप्रिलअखेर बंद होऊ लागतात. शिवाय त्याच सुमारास गाभण रेनडिअर पिलं द्यायच्या जागांकडे निघालेल्या असतात. कळप दिसला तर थांबा, त्यांना जाऊ द्या. त्या दिवसांत त्यांना पळायला लावणं खरंच त्यांच्या जिवावर बेततं.

आणि नॉर्वेतलं ल्यूंगेन. ट्रोम्सोच्या पूर्वेचं हे द्वीपकल्प, समुद्रातून सरळ वर उठलेले डोंगर, सर्वांत उंच यिएक्केवार्री १,८३४ मीटर. १८९८ आणि १८९९ मध्ये गिर्यारोहक एलिझाबेथ ले ब्लाँड इथे येऊन शिखरामागून शिखर चढून गेल्या. तेव्हा इथले कितीतरी माथे कुणीही चढलेले नव्हते. लिफ्ट तेव्हाही नव्हत्या, आजही नाहीत. स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवायच्या आणि किनाऱ्यापासून हजार-बाराशे मीटर चढायचं, म्हणजे बारी गावातून कळसूबाई चढण्यापेक्षा जास्त, तेही बर्फातून. माथ्यावर पट्ट्या काढायच्या आणि खाली निळ्या खाडीकडे तोंड करून निघायचं. समुद्रात उतरतोय असंच वाटत राहतं. मी पाहिलेल्या सगळ्या उतारांत सर्वांत सुंदर उतार हाच, हे मला सांगायलाच हवं.

पण इथे हिमलोटाचा धोका शेवटपर्यंत सोबत असतो. ३१ मार्च २०२३ ला ट्रोम्स भागात एकाच दिवशी अनेक ठिकाणी हिमलोट कोसळले आणि चार जणांचा जीव गेला. वसंतात दुपारच्या उन्हानं ओला झालेला बर्फ सुटतो, म्हणून पहाटे निघून लवकर खाली यावं लागतं. नॉर्वेत ‘वार्सोम’ ही सरकारी सेवा हिमलोटाचा रोजचा इशारा देते, स्वीडनच्या बाजूला तिथला पर्यावरण विभाग अंदाज देतो. एक ते पाच अशी पातळी असते. तीन हा आकडा मधला दिसतो म्हणून लोक फसतात. तीन म्हणजे लक्षणीय धोका. बीकन (बर्फाखाली गाडलेल्याचा ठाव सांगणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं प्रत्येकाकडे हवं आणि ते वापरायचा सराव हवा. औली किंवा गुलमर्गला दोन आठवड्यांचा कोर्स केलेल्यांना मी हे प्रेमानं पण स्पष्ट सांगते: तेवढ्या तयारीवर ल्यूंगेनला येऊ नका. कुठल्याही बर्फावर आत्मविश्वासानं वळता येत असेल तर या, आणि प्रमाणित गाइड घेऊनच या. गाइडचा खर्च या सहलीतला सर्वांत मोठा खर्च असेल, त्यात काटकसर करू नका. नॉर्वेच्या डोंगर-नियमांत एक वाक्य आहे: परत फिरण्यात लाज नाही. आमच्या गाइडनं माथा दोनेकशे मीटरवर दिसत असताना बर्फात खड्डा खणून थर पाहिले आणि हेच वाक्य म्हणत आम्हाला मागे वळवलं. मला त्या क्षणी रडू आलं होतं. आज त्याच माणसाबरोबर पुन्हा जायची माझी इच्छा आहे.

दिवस बिघडला तर ल्यूंगेनमध्ये काय उरतं? खाडीकाठची कॉटेज, सॉना, मासेमारीचा गळ, खिडकीतून डोंगर. जोडीदार किंवा मित्र यात रमणारे असतील तर छानच. मुलं असतील तर दुसऱ्या दिवशी तुमचीच परीक्षा होईल.

नार्विकला मी वेगळी सहल म्हणून धरत नाही. रिक्सग्रेन्सेनहून रुळानं ४३ किलोमीटर, एक दिवस जाऊन यायलाच हवं. गावातूनच गोंडोला, म्हणजे केबल कार, वर जातो, उतरताना पायाखाली बंदर दिसतं. २०२९ ची जागतिक अल्पाइन स्पर्धा तिथे होणार आहे, तोवर गाव बदलेल आणि किमतीही. फिनलंडचं लेवी हा पर्याय बरेच जण विचारतात. काटेकोर अर्थानं ते स्कँडिनेव्हियात येत नाही आणि टेकडी ५३१ मीटरची आहे. पण पुण्या-मुंबईहून आईवडील येणार असतील, लहान मुलं शिकणार असतील आणि उणे तापमानात चालायचं कमी हवं असेल, तर तेच घ्या. किट्टिला विमानतळ १५ किलोमीटरवर, सगळं हाताशी, व्यवहार युरोत.

माझा कौल सांगायचा तर: पहिल्यांदा येत असाल आणि लाल (म्हणजे मध्यम अवघड) उतार नीट उतरता येत असतील, तर एप्रिलचा शेवटचा आठवडा आणि रेल्वेचा पट्टा. चार रात्री रिक्सग्रेन्सेन किंवा ब्योर्कलिडेन, दोन आबिस्को, एक दिवस नार्विक. ल्यूंगेन दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षासाठी ठेवा, ते कुठे जात नाही.

भारतातून येणाऱ्यांसाठी व्हिसाची गोष्ट सोपी आहे: ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. नार्विकला एक दिवस जाऊन आल्यानं काही बिघडत नाही, नॉर्वे युरोपीय संघात नसला तरी शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटात, आहे. ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा असतो. पण व्हिसासाठी चालणाऱ्या स्वस्त पॉलिसीत आखलेल्या उतारांबाहेरचं स्कीइंग आणि हेलिकॉप्टरनं केलेली सुटका बहुतेक वेळा वगळलेली असते. विमा कंपनीला हे दोन प्रश्न ईमेलवर विचारा आणि लेखी उत्तर आल्यावरच पैसे भरा.