न्यायालयीन विलंबाची मोजदाद : राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिड वापरताना

न्याय मिळायला उशीर होतो ही तक्रार जुनी आहे, परंतु तो कुठे आणि किती होतो हे आकड्यांनिशी मांडायचे असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने (न्यायालयांच्या संगणकीकरणाचे काम पाहणारी समिती) 2015 मध्ये सर्वांसाठी खुले केलेले राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिड हे संकेतस्थळ अनमोल आहे. कोणतेही शुल्क न भरता राज्यापासून जिल्ह्यापर्यंत, तिथून तालुक्याच्या न्यायालयापर्यंत आणि शेवटी एकेका खटल्यापर्यंत उतरता येते, हे मला त्याचे सर्वांत मोठे बळ वाटते. जिल्हा व तालुका न्यायालयांतील 4 कोटींहून अधिक प्रलंबित प्रकरणे दिवाणी, फौजदारी आणि किती काळ प्रलंबित आहेत यानुसार विभागलेली दिसतात, त्यामुळे एखाद्या तालुक्यासाठी वाढीव न्यायाधीशांची मागणी करणारे निवेदन ठोस पुराव्यावर उभे राहते. सप्टेंबर 2023 पासून सर्वोच्च न्यायालयाची आकडेवारीही त्यात आली.

या संकेतस्थळावर नोंदवलेली विलंबाची कारणे मात्र जपून वापरावीत. ‘वकील उपलब्ध नाहीत’ अशी नोंद एका ओळीत होते, पण ते का उपलब्ध नव्हते हे त्या ओळीतून कळत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष रोजनामे (खटल्याच्या प्रत्येक तारखेच्या कामकाजाच्या नोंदी) वाचावे लागतात. न्यायाधिकरणे आणि ग्राहक आयोग यात येत नाहीत, हेही अहवालात स्पष्ट लिहावे. शिवाय आकडे सतत बदलतात. म्हणून दर महिन्याच्या ठरावीक तारखेला ते दिनांकासह उतरवून ठेवावेत, अन्यथा वर्षभराची तुलना करणे कठीण जाते.