फेरेटच्या वाटीत भाजी: लाल भोपळा, गाजर, काकडी की मटार?

बडोद्यातल्या मराठी घरात फेरेट (मुंगसासारखा दिसणारा लांबट पाळीव प्राणी) आला की चार दिवसांत प्रश्न निघतोच: ‘याला भाजी कुठली चालेल?’ खंडेराव मार्केटहून पिशव्या भरून आलेल्या असतात, घरात मांस शिजत नसतं, आणि शेजारचा ससा गाजर कुरतडताना दिसत असतो. उत्तर आधीच सांगून टाकते. फेरेटला एकाही भाजीची गरज नाही. त्यामुळे कुठली भाजी दिली तर निभावतं आणि कुठली दिली तर दवाखाना गाठावा लागतो, एवढंच पाहायचं.

फेरेट मांजरासारखाच पक्का मांसाहारी. आतडं आखूड, आणि चोथ्यातून पोषण काढायला सशाला जे मोठं अंधांत्र (आतड्याची पिशवी) असतं ते याला नसतंच. खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर पडतं. एवढ्या वेळात भाजीतलं काही अंगी लागत नाही. त्याला हवीत प्राणिजन्य प्रथिनं, साधारण 30 ते 40 टक्के, आणि 15 ते 20 टक्के चरबी.

आता लाल भोपळा आणि गाजर शेजारी ठेवून बघू, कारण घोळ बहुतेक याच दोघांत होतो. रंग सारखा, गोडी सारखी, आपल्या मते दोन्ही ‘पचायला हलकं’. लाल भोपळा साल-बिया काढून, मीठही न घालता वाफवला, बोटानं चुरडला तर त्याचा गुळगुळीत लगदा होतो. असा पाव-अर्धा चमचा एखाद्या दिवशी मांसाच्या रश्शात कालवून दिला तर तो निमूट खाली उतरतो. पोटातले केस पुढे सरकावेत म्हणून काहीजण मुद्दाम देतात. पण शौचाला हिरवट, चिकट किंवा पाण्यासारखं होत असेल तर भोपळ्याचे प्रयोग करत बसू नका, डॉक्टरकडे न्या.

कच्च्या गाजराचं तसं नाही. फेरेटचे दात मांस कापायला आहेत, चघळून बारीक करायला नाहीत. त्यामुळे गाजराचा टणक तुकडा तो जवळजवळ आहे तसाच गिळतो, तो पचत नाही आणि अरुंद आतड्यात अडकून बसू शकतो. मग खाणं बंद होतं, उलट्या किंवा ओकाऱ्या येतात, तो दात खातो, पंजानं तोंड घासतो, पोट धरून पडून राहतो. ही तातडीची वेळ असते, पुष्कळदा शस्त्रक्रियाच करावी लागते. शिजवलेलं गाजर अडकणार नाही, पण त्यात साखर आहे. फेरेटमध्ये वयाच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षानंतर स्वादुपिंडाच्या गाठी बऱ्याच आढळतात आणि त्यांमुळे रक्तातली साखर एकाएकी उतरते. गोड आणि पिष्टमय खाण्याशी याचा संबंध असावा अशी शंका आहे, सिद्ध झालेलं नाही. तरी रताळं, बीट आणि मक्याचे दाणे मी याच रांगेत बसवते. मक्याचा दाणा तर न पचता तसाच बाहेर येतो. ‘पण त्याला आवडतं की!’ हे ऐकायला मिळेल. आवडतंच, फेरेट गोडाला हपापलेले असतात. त्यावरून काही सिद्ध होत नाही.

काकडी आणि टोमॅटो यांच्यात फार डोकं घालायला नको. सोललेल्या काकडीचा बिनबियांचा, किसलेला चिमूटभर गर अपाय करत नाही, उपयोगही नाही. पिकल्या टोमॅटोचं तेच, फक्त हिरवे टोमॅटो, पानं, देठ दूर ठेवा. आजी म्हणतील, ‘मे महिना आहे, काकडी थंड असते, देऊया.’ बडोद्याच्या चाळीस अंशांच्या उन्हात काकडीनं काही होत नाही. तिशीच्या वर पारा गेला की फेरेटला उष्माघाताचा धोका सुरू होतो. त्याला एसीची खोली आणि भरपूर पाणी लागतं. दमट झालेल्या खोलीतला कूलर फारसा कामाचा नाही.

मटार आणि हरभरा वरवर निरुपद्रवी, आणि ‘प्रथिनं आहेत ना’ म्हणून फसवणारे. वनस्पतिजन्य प्रथिनं सतत पोटात गेली की फेरेटची लघवी अल्कधर्मी होते आणि मूत्राशयात खडे होऊ शकतात. नराची तर लघवीच तुंबते. फेरेटला मांजराचं खाणं देत असाल, तर ‘ग्रेन फ्री’ म्हणून महाग विकल्या जाणाऱ्या पाकिटावर मागचे घटक जरूर वाचा. धान्य काढून मटार भरलेले असतात. पहिली दोन-तीन नावं चिकन, मासे अशी हवीत. कुत्र्याचं खाणं चालणार नाही.

कांदा आणि लसूण यांच्यात मात्र निवड करायचीच नाही, दोन्ही बंद. कच्चे, शिजलेले, सुकवलेले, सगळेच रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. ताटातल्या भाजीचा एक घास, कांदा-लसूण मसाल्याचा रस्सा, बाहेरून आणलेलं तयार सूप, यांतून ते नकळत पोटात जातात. म्हणून ताटातलं काहीच देऊ नका, पातेलं वेगळं ठेवा.

ज्या घरात अंडं चालतं तिथे उकडलेल्या अंड्याचा बलक हा या सगळ्या भाज्यांपेक्षा चांगला खाऊ आहे. रोजचं मुख्य जेवण मात्र मांस किंवा चांगलं मांजराच्या पिल्लांचं खाणं, तेही दिवसभर वाटीत हाताशी असलेलं. एवढं घरात चालणारच नसेल, तर फेरेट घेऊ नका. गिनी पिग घ्या. त्याला सुकं गवत मुबलक लागतं आणि ‘क’ जीवनसत्त्व अन्नातूनच मिळावं लागतं, तेव्हा ढोबळी मिरची आणि कोथिंबीर तो रोज आनंदानं फस्त करेल.