गजराला आवडतं गाणं: फोनमधली फाईल की स्ट्रीमिंग?

धाकट्या भावाचं यावरच अडलंय.

जोडायला स्ट्रीमिंग सोपं. अँड्रॉइडवरच्या गूगल क्लॉकमध्ये २०१८पासून स्पॉटिफाय हे नेटवरून गाणी वाजवणारं ॲप जोडता येतं. मात्र नेमकं हवं तेच गाणं वाजायला सशुल्क सदस्यत्व लागू शकतं. फाईल आधी मिळवायची, मग गजराच्या आवाजांत घालायची. खटपट आहे, पण एकदाच.

भरवशात फाईलच पुढे. रात्री नेट गेलं, ॲप लॉगआउट झालं, तरी ती वाजणार. शिवाय कापून थेट ध्रुवपदापासून सुरू करता येते. संथ आलापाने कोण उठतं?

रोज ऐकून गाणं नकोसं होतं, हा धोका दोन्हीकडे. स्ट्रीमिंगवर बदलणं तेवढं पटकन होतं.

पहाटेची गाडी किंवा परीक्षा असेल तर फाईलच. उशीर चालणाऱ्या, सतत नवं गाणं हवं असणाऱ्यांना स्ट्रीमिंग.