परसातली शेड, ४५,५५० रुपये आणि पाटणला 'अडवलेला' ट्रक

पत्र्याची जाडी खोदून खोदून विचारली, कोटिंग विचारलं, पाइपचं वजन विचारलं. समोरचा माणूस कोण, एवढंच विचारायचं राहिलं. ४५,५५० रुपये गेले. घरात अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही, तेव्हा गुहागरकडच्या कुणी ओळखलंच तर कृपा करून गप्प बसा.

परसात १० बाय ८ फुटांची शेड हवी होती. ग्रासकटर, फवारणीचा पंप, नारळ, खताच्या गोणी, सगळं पडवीत येऊन बसलं होतं. आमच्या खाऱ्या हवेत साधा पत्रा कडेने गंजत जातो, म्हणून ०.५ मिलिमीटरचा गॅल्व्हल्यूम, म्हणजे जस्त-ॲल्युमिनियमचा थर दिलेला पत्रा घ्यायचा आणि शेड तयारच आणून चौथऱ्यावर बसवायची, असं ठरवलं. मे महिन्यात गावातला फॅब्रिकेटर कुणाच्या हाती लागत नाही. तेवढ्यात जाहिरात दिसली: चाकणला कारखाना, पावसाळ्याआधी पोच, किंमत ६८,५००.

फोनवरचा माणूस पक्का जाणकार. 'साहेब, रंगासकटच्या जाडीवर जाऊ नका, आतल्या पोलादाची जाडी विचारा, लोक तिथेच फसवतात,' हे मला तोच समजावत होता!

निम्मा ॲडव्हान्स ३४,२५०. यूपीआयवर रक्कम टाकली आणि फर्मच्या नावाच्या जागी कुणा बाईंचं नाव आलं. इथे. इथेच फोन खाली ठेवायचा होता. मी विचारलं, तर म्हणे, 'मॅडम प्रोप्रायटर आहेत.' टाकला पिन. कोटेशनवरच्या जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे ०९ होते, तेही डोळ्यांसमोरच. महाराष्ट्राचे २७ असतात, ०९ म्हणजे उत्तर प्रदेश. जीएसटीच्या पोर्टलवर क्रमांक टाकला की नोंदणी कुणाची ते फुकट दिसतं. मी टाकला, पण पैसे गेल्यावर. निघालं एक कापडाचं दुकान.

ॲडव्हान्स दिलाच कशाला, असं विचारणाऱ्यांनी आधी आपल्या गावच्या फॅब्रिकेटरकडून ॲडव्हान्सशिवाय एक गेट करून दाखवावं. पाइप आणायलाच तो निम्मे पैसे मागतो. मी जगरहाटीनेच वागलो.

मग भाडं ६,८००. मग ट्रकचा फोटो: 'ई-वे बिलासाठी पाटणला अडवलाय, ४,५०० डिपॉझिट भरा, परत मिळेल.' पाऊस तोंडावर, चौथरा तयार, भरले. ई-वे बिल म्हणजे माल वाहून नेताना लागणारं जीएसटीचं ऑनलाइन कागदपत्र. ते काढायला सरकार एक रुपया घेत नाही, आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखाच्या आतल्या मालाला ते लागतही नाही. 'परत मिळणारं डिपॉझिट' हे शब्द कानावर पडले की तिथेच फोन बंद करा.

आता आपले रक्षणकर्ते. बँकेतल्या बाई मान वर न करता म्हणाल्या, 'पिन तुम्हीच टाकलात ना?' पोलीस ठाण्यात अंमलदारांचं निदान तयार: माल आला नाही म्हणजे दिवाणी वाद, ग्राहक मंचात जा. फसवणुकीचं कलम ४२० होतं, आता न्याय संहितेत ३१८ झालं, म्हणजे कलम आहे ना अजून? मग म्हणाले, पत्ता चाकणचा, तक्रार तिकडेच द्या. गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, खबर नोंदवून घ्यायची, असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं. मी ते मोबाईलवर काढून दाखवलं, तर उत्तर आलं, 'आम्हाला कायदा शिकवू नका.' ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी नाही, पण नोटीस पाठवायला सामनेवाल्याचा पत्ता लागतो. तो पत्ता म्हणजे मोकळा प्लॉट, एका ओळखीच्याने जाऊन पाहिला. एवढ्या दारांवरून फिरल्यावर कुणीतरी १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर सांगितला. आधी तिथेच फोन करा, बँक आणि ठाणं नंतर. पैसे पुढच्या खात्यात सरकायला वेळ लागत नाही. माझे शेवटचे ४,५०० तेवढे होल्ड झाले. ते सोडवायला तेव्हा कोर्टाचा आदेश आणा म्हणाले. वकिलाची फी विचारली, ५,००० होती.

कारखाना पाहिल्याशिवाय किंवा ओळखीच्या कुणाला तिथे उभं केल्याशिवाय पैसे नाहीत. फोटो मागू नका, व्हिडिओ कॉलवर पत्र्याला मायक्रोमीटर (जाडी मोजायचं साधन) लावून दाखवायला सांगा, खोटा माणूस तिथेच कटतो. खातं फर्मच्या नावाचंच हवं.

जाहिरात अजून चालू आहे. फर्मचं नाव बदललंय, किंमत ६४,००० केलीय. फोटो तेच: हिरवी शेड, दाराला पांढरी कडी, बाजूला निळं पिंप.