झाडबेडकांची काचपेटी: दारं झकास, झाकण अर्धवट

एक्झो टेराची 45×45×60 सेंटिमीटरची उभी काचपेटी लालडोळ्या झाडबेडकांसाठी घ्यावी का? खुशाल घ्या, पण झाकण जसं येतं तसं वापरू नका. याच घाटाच्या पेट्या आता इतर कंपन्याही काढतात. पुढचं बहुतेक त्यांनाही लागू आहे.

समोरची दोन दारं हा पेटीचा मोठा फायदा. हा मध्य अमेरिकेतला बेडूक दिवसभर पानाला चिकटून झोपतो. वरून हात आला की दचकून उडतो आणि नाक जाळीवर खरवडून घेतो. इथे एकच दार उघडून पाण्याचं भांडं बदलता येतं. दार लावण्याआधी फटीत बोट नाही ना ते बघा (बेडकाचं!). प्रौढ बेडूक तीनच ठेवा.

आता झाकण. ते पूर्ण जाळीचं असल्यामुळे ओल तासाभरात उडते. बेडकाला दिवसा साधारण 60 ते 70 टक्के आर्द्रता लागते, रात्री त्याहून जास्त. म्हणून बरेच जण वर प्लास्टिक ताणून मोकळे होतात. मग हवा कोंडते, काच सतत घामेजते आणि बेडकाच्या त्वचेला संसर्ग होतो. दारांखाली हवेची पट्टी आहे. तिथून आत आलेली हवा वरून निघाली तरच ती कामाची. काचवाल्याकडून 4 मिलिमीटर जाडीची 43×28 सेंटिमीटरची काच कापून घ्या, कडा घासून घ्या आणि जाळीवर मागच्या बाजूला ठेवा. पुढे साधारण 15 सेंटिमीटर जाळी उघडी राहील. यूव्हीबीची (अतिनील किरणं देणाऱ्या दिव्याची) नळी नेमकी या उघड्या जाळीवर बसवा, कारण साध्या काचेतून यूव्हीबी जवळजवळ जातच नाही.

तळाला 5 सेंटिमीटर भाजक्या मातीच्या गोळ्या, त्यावर बारीक जाळी, मग 6-7 सेंटिमीटर नारळाचा भुसा. गोळ्यांमधलं पाणी भुशाला टेकू लागलं की नळीने ओढून काढा, नाहीतर कुजका वास ठरलेला. मनी प्लांट इथे झकास वाढतो. भांड्यातलं पाणी क्लोरीन घालवणारं औषध टाकूनच द्या. नळाच्या पाण्यात क्लोरामाइन असेल तर ते नुसतं रात्रभर ठेवून जात नाही.

सोबत येणारी फोमची पाठ दिसते छान, पण तिच्यामागे खाऊ म्हणून सोडलेले रातकिडे दडतात आणि दिवसा निजलेल्या बेडकाला चावतात. कडा बुरशीनाशक नसलेल्या सिलिकॉनने बुजवा आणि व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत, साधारण आठवडाभर, पेटी रिकामी ठेवा. वायरींच्या भोकांत स्पंजचे तुकडे कोंबा.

तळाखाली गरम चटई सरकवायला जागा ठेवली आहे, ती विसरा. बेडूक राहतो वर, आणि खाली नुसता भुसा सुकतो. चटई बाजूच्या काचेवर बाहेरून लावा, तीही थर्मोस्टॅटवर (ठरलेलं तापमान आपोआप राखणाऱ्या यंत्रावर): दिवसा 24 ते 28 अंश, रात्री 20-22. मुंबईच्या मे महिन्यात प्रश्न उलटा होतो. तापमान 30 च्या वर टिकलं तर बेडूक दगावू शकतो; खोलीत एसी नसेल तर हा छंद नकोच.

भारतात असाल तर आणखी एक. हा बेडूक साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) परिशिष्ट 2 मध्ये आहे, त्यामुळे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. विक्रेता कागद द्यायला टाळाटाळ करत असेल तर पेटीसुद्धा घेऊ नका.